साठ ओळींच्या यादीतून अकरा कॉलेजं: सांगोला तालुक्यातल्या एका मुलीचा ऑप्शन फॉर्म

पार्श्वभूमी

हे प्रकरण २०२५ च्या इंजिनिअरिंग ॲडमिशनचं आहे. मुलीचं नाव इथे वैष्णवी ठेवतो, खरं नाव वेगळं आहे, घरच्यांना विचारूनच लिहितोय आणि ओळख पटेल असे काही तपशील बदललेत. मी ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवतो, सीईटीचा निकाल लागला की मुलं आणि पालक ऑप्शन फॉर्मचं (हवी ती कॉलेजं आणि ब्रँच पसंतीच्या क्रमाने भरायचा फॉर्म) विचारायला येतात, त्यातलंच हे एक. पण यात जे घडलं ते आमच्या सांगोला-मंगळवेढा-जत पट्ट्यात घरोघरी घडत असतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वैष्णवीच्या वडिलांचं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. डाळिंबाचा भाग, बोअर खोल, व्होल्टेज कमी-जास्त, त्यामुळे उन्हाळ्यात सबमर्सिबल जळायला लागल्या की दुकानासमोर मोटारींची रांग लागते. ही मुलगी शाळेत असल्यापासून दुकानात बसते. जळालेलं वायंडिंग उपसून काढताना एकेका कॉइलचे वेढे मोजायचे, तारेचा गेज मायक्रोमीटरने बघायचा आणि वहीत उतरवून ठेवायचं हे तिचं काम. ती वही मी पाहिलीये. कंपनी, एचपी, स्लॉट, वेढे, गेज असे रकाने आखलेले, आणि काही ओळींसमोर पेन्सिलने लिहिलेलं की आधीच्या मिस्त्रीने वेढे कमी भरले होते म्हणून परत जळाली. तात्या (तिच्या वडिलांना सगळे तात्याच म्हणतात) नवीन मोटार आली की आधी वहीत बघतात, मग तार तोडतात.

बारावी सोलापूर विद्यापीठाच्या हद्दीतून, एमएचटी-सीईटीला पीसीएममध्ये ९४ च्या थोडं वर पर्सेंटाईल, ओबीसी, उत्पन्न ८ लाखांच्या आत, नॉन-क्रिमिलेअर तयार. जात पडताळणीची फाईल मात्र सोलापूरला समितीकडे अडकलेली होती, ते पुढे येईलच.

अडचण काय होती

तिचा चुलतभाऊ, तिचा दादा, पुण्यात आयटीत आहे. त्याने मनापासून बसून एक्सेलमध्ये साठ ओळींची यादी करून पाठवली, सगळी पुण्यातली खाजगी कॉलेजं आणि ब्रँच म्हणाल तर कॉम्प्युटर, आयटी, एआय-डेटा सायन्स. लावलेली होती कटऑफच्या (गेल्या वर्षी तिथली शेवटची जागा किती पर्सेंटाईलला गेली त्याच्या) क्रमाने, म्हणजे ९४ ला जे सगळ्यात वरचं मिळू शकेल ते आधी. मामांचं म्हणणं, पोरीच्या जातीला इलेक्ट्रिकल कशाला, खांबावर चढणार आहे का. आईला पुण्याचं कमिन्स हवं होतं कारण ते फक्त मुलींचं कॉलेज आहे आणि ओळखीतली एक मुलगी तिथे शिकून चांगली लागलीये. तात्या गप्प. आणि वैष्णवीला विचारलं तर ती म्हणाली, "काहीही चालेल सर."

माझ्या मते खरी अडचण ह्या वाक्यात होती. पर्सेंटाईल बरा होता, पैशाची वाट निघत होती, घरचे शिकवायला तयार होते. पण ज्या मुलीला काहीही चालतं तिची यादी दुसरंच कोणीतरी करतं, आणि दुसरा माणूस यादी करतो तेव्हा त्याला दिसणारी एकच गोष्ट असते ती म्हणजे कटऑफ. कटऑफ सांगतो की गेल्या वर्षी त्या जागेसाठी किती गर्दी होती, या मुलीला तिथे चार वर्षं राहायला आणि शिकायला जमेल का हे तो सांगत नाही.

त्यात २०२५ ला नियम बदललेले. आधी कॅपचे (सरकारच्या एकत्रित प्रवेश प्रक्रियेचे) तीन राउंड असायचे, यावेळी चार केले, आणि पहिल्या राउंडला पहिल्या नंबरचा पर्याय लागला तर तो घ्यायलाच लागणार, पुढे खेळता येणार नाही. दुसऱ्या राउंडला पहिल्या तीनपैकी काही लागलं की तसंच, तिसऱ्याला पहिल्या सहापैकी, आणि चौथ्याला जे लागेल ते शेवटचं. म्हणजे "वर टाकून तर ठेवू, नंतर बघू" हा जो सगळ्यांचा हिशोब असतो तो यावर्षी चालणार नव्हता. फॉर्ममध्ये ३०० पर्यंत पर्याय टाकता येत होते हे खरं, पण चौथ्या राउंडच्या आधी दार बंद करणारे पर्याय वरचे सहाच.

कोणते पर्याय समोर होते

पहिला, दादाची यादी: पुणे, कॉम्प्युटर किंवा त्याच्या आसपासचं काहीही. दुसरा, आईचं कमिन्स. तिसरा, इलेक्ट्रिकल, पण सरकारी किंवा अनुदानित कॉलेजात, म्हणजे पुण्याचं सीओईपी, सांगलीचं वालचंद, कराडचं गव्हर्नमेंट कॉलेज, नांदेडचं एसजीजीएस. चौथा, पंढरपूरजवळचं खाजगी कॉलेज, घरून जवळ, होम युनिव्हर्सिटीचं (जिथून बारावी केली त्याच विद्यापीठाच्या हद्दीतलं), जवळजवळ नक्की मिळणारं.

मामांनी मुंबईचं व्हीजेटीआयही काढलं होतं पण तिने ते स्वतःहून नको म्हटलं, मुंबईत राहायचं तिला दडपण होतं, आणि मी तिला त्यावर समजावत बसलो नाही. नको हे पण एक उत्तर आहे आणि यादी कमी करताना सगळ्यात उपयोगी उत्तर तेच असतं.

पहिला निर्णय: आधी ब्रँच का आधी कॉलेज

यावर घरात सगळ्यात जास्त वेळ गेला. दादाचा मुद्दा हलका नव्हता, त्याने स्वतः मेकॅनिकल करून आयटीत नोकरी घेतलीये, तो म्हणत होता की शेवटी सगळे कोडिंगकडेच येतात तर सुरुवातच तिथून करा. मी त्याला फोनवर एवढंच म्हटलं की तुझं खरं असेल, पण ती काय वाचते ते एकदा बघू.

मग मी तिला दोन्ही ब्रँचच्या दुसऱ्या वर्षाच्या सिलॅबसची पीडीएफ दिली आणि सांगितलं की घरी वाच, समजलं नाही तरी चालेल, फक्त कुठे थांबून वाचलंस तिथे खूण कर. कॉम्प्युटरच्या पीडीएफवर डेटा स्ट्रक्चर्सपाशी एक खूण होती. इलेक्ट्रिकलच्या पीडीएफवर मशीन्सच्या युनिटला खुणाच खुणा, आणि समासात प्रश्न लिहिलेला की आपण दुकानात जे एकात एक कॉइल घालून डबल लेयर बसवतो ते हेच का. हो, तेच. ती लाजली वगैरे काही नाही, एकदम उभी राहून फळ्यावर स्टेटर (मोटारीचा न फिरणारा, वायंडिंग बसवायचा भाग) काढून दाखवायला लागली.

त्यानंतर तिला परत विचारलं, की समज उद्या पुण्यात चांगल्या कॉलेजचं कॉम्प्युटर आणि कराडचं इलेक्ट्रिकल दोन्ही हातात आलं तर काय घेशील. म्हणाली कराड. तात्या तिथेच होते, तोपर्यंत एक शब्द बोलले नव्हते, तेव्हा म्हणाले, "मला वाटायचं दुकानात बसवली म्हणून तिला ह्याचा कंटाळा आला असंल." म्हणजे ती वडिलांना वाईट वाटू नये म्हणून गप्प आणि वडील तिच्यावर आपलं काम लादलं जाऊ नये म्हणून गप्प, दोघेही एकमेकांची काळजी घेत होते आणि यादी मात्र दादा करत होता.

मामांच्या खांबाच्या मुद्द्यावर मी महावितरण, महापारेषणमधल्या कामांबद्दल सांगितलं, सबस्टेशन, टेस्टिंग, प्रोटेक्शन, डिझाईन, आणि हेही की कॉम्प्युटरच्या मानाने कॅम्पसला कंपन्या कमी येतात आणि सुरुवातीचा पगार बऱ्याचदा कमी असतो. हे लपवून उपयोग नव्हता, दुसऱ्या वर्षाला कळलंच असतं. तिने ते ऐकून घेतलं आणि निर्णय बदलला नाही. इथे दादाच्या साठ ओळींपैकी जवळपास सगळ्या गेल्या. आईचं कमिन्सही गेलं कारण तिथे इलेक्ट्रिकल ब्रँचच नाही. आईला त्याचं वाईट वाटलं, पण तिला खरं तर मुलींचं कॉलेज नको होतं, मुलगी सुरक्षित राहील अशी जागा हवी होती, ते बोलता बोलता निघालं. मग कमिन्सच्या जागी यादीत अट आली: कॉलेजच्या आवारात किंवा अगदी लगत मुलींचं हॉस्टेल असलंच पाहिजे. या एका अटीने पुण्यातली इलेक्ट्रिकलची दोन खाजगी कॉलेजं कमी झाली.

दुसरा निर्णय: कटऑफ नीट वाचणं

दादाच्या यादीत अजून एक घोळ होता जो फार लोक करतात म्हणून सांगतो. कटऑफच्या पीडीएफमध्ये प्रत्येक रकान्याच्या डोक्यावर अक्षरं असतात. सुरुवातीचं जी म्हणजे जनरल, एल म्हणजे लेडीज, मधे कॅटेगरी, आणि शेवटचं अक्षर एच, ओ किंवा एस. एच म्हणजे होम युनिव्हर्सिटीवाल्यांसाठी, ओ म्हणजे बाहेरच्या विद्यापीठातून येणाऱ्यांसाठी, एस म्हणजे स्टेट लेव्हल. दादाने पुण्याच्या कॉलेजांचा एचचा रकाना धरला होता, पण वैष्णवी सोलापूर विद्यापीठाची, तिला पुण्यात ओचा रकाना लागतो. रकाना बदलला तर यादीचा क्रम पण हलला, दोन-तीन "नक्की मिळणार"वाली कॉलेजं अवघड निघाली आणि एक अवघड वाटलेलं सोपं निघालं. वालचंद आणि कराड ही अनुदानित आणि सरकारी स्वायत्त कॉलेजं असल्यामुळे तिथे ती स्टेट लेव्हलच्या रकान्यात, म्हणजे एलओबीसीएस. तिने रात्री बसून स्वतः नवीन कागद केला, शेजारी मागच्या दोन वर्षांचे आकडे लिहिले, कारण एका वर्षाचा आकडा कधी कधी फसवतो, विशेषतः जिथे रकान्यात एक-दोनच जागा असतात.

दादाने ट्यूशन फी वेव्हरच्या (ट्यूशन फी माफ असलेल्या वेगळ्या) जागांचे कोडही घातले होते. ते काढले. त्या जागांना कॅटेगरी लागत नाही, मेरिटवर जातात आणि कटऑफ बहुतेक वरचाच असतो, आणि तिला त्याची गरज नव्हती. ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींची ट्यूशन फी आणि परीक्षा फी २०२४-२५ पासून सरकारने पूर्ण माफ केलीये, फक्त ॲडमिशन कॅपमधून पाहिजे, मॅनेजमेंट कोट्यातून नाही. पण यातही लोक फसतात. डेव्हलपमेंट फी, हॉस्टेल, मेस ह्यातलं काही त्यात येत नाही. आम्ही प्रत्येक कॉलेजचा असा हिशोब मांडला की माफी धरून वर्षाला घरातून रोख किती जाणार, आणि तिथे सरकारी कॉलेज आणि पुण्यातलं खाजगी यात पडलेला फरक बघून तात्यांनी पहिल्यांदा स्वतः कागदावर पेन लावला.

तिसरा निर्णय: जाऊन बघणं

नेमकी आषाढी आली. सगळ्या एसट्या पंढरपूरच्या कामाला, म्हणून एकादशी उरकल्यावर दोघं बापलेक पॅसेंजरने मिरजेला गेले, तिथून सांगलीत विश्रामबागला वालचंद बघितलं, आणि दुसऱ्या दिवशी एसटीने कराड. मी त्यांना तीनच गोष्टी सांगितल्या होत्या: मशीन लॅब बाहेरून का होईना बघा, हॉस्टेलच्या मेसच्या वेळा विचारा, आणि इलेक्ट्रिकलच्या तिसऱ्या वर्षाची एखादी मुलगी भेटली तर तिला विचारा की संध्याकाळी काय करता.

वालचंद दोघांना फार आवडलं. कराडलाही एक मुलगी भेटली, साताऱ्याकडची, तिने वैष्णवीला हॉस्टेलपर्यंत नेलं आणि सांगितलं की पहिल्या वर्षी हॉस्टेल सगळ्यांना लगेच मिळेलच असं नाही, त्याचा अर्ज वेगळा असतो आणि मेरिटवर लागतो. ही माहिती कुठल्या माहितीपुस्तिकेतून त्यांना कळली नव्हती. पुण्यातल्या एका खाजगी कॉलेजला फोन केला तर तिथल्या माणसाने सांगितलं की माफी नंतर येते, आधी पूर्ण फी भरा. ते कॉलेज तिने यादीतून काढलं नाही पण पार खाली नेलं.

काय केलं

फॉर्म भरताना माझा एकच आग्रह होता: जिथे लागलं तरी जाणार नाही ते फॉर्ममध्ये नकोच, आणि उरलेलं मनाच्या क्रमाने, कटऑफच्या क्रमाने नाही. वरचं कॉलेज वर टाकलं म्हणून खालचं मिळायची शक्यता कमी होत नाही, जागा वाटणारा कॉम्प्युटर यादी वरून खाली बघत येतो आणि पहिलं जे बसतं ते देतो. तरी लोक घाबरून "मिळणारं" पहिल्या नंबरला टाकतात आणि २०२५ च्या नियमात तेच गळ्यात पडत होतं.

शेवटी अकरा पर्याय राहिले. एक नंबरला सीओईपी इलेक्ट्रिकल, मिळणार नाही हे माहीत असून, कारण मिळालं असतं तर ती डोळे झाकून गेली असती. दोनला वालचंद इलेक्ट्रिकल, तीनला कराड इलेक्ट्रिकल, चारला वालचंदचंच इलेक्ट्रॉनिक्स, पाचला नांदेड. त्याखाली खाजगी कॉलेजांची इलेक्ट्रिकल, आणि शेवटी पंढरपूरजवळचं. अकराच का, असं दादाने विचारलं, सगळे शंभर-दीडशे टाकतात म्हणाला. शेवटचे दोन पर्याय तिच्या रकान्यात मागच्या दोन्ही वर्षी बऱ्याच खाली बंद झाले होते, म्हणून पुरेसे वाटले. ज्याचा पर्सेंटाईल काठावर आहे त्याने एवढ्यावर थांबू नये, त्याला लांब यादीच लागते.

पहिल्या राउंडला सातव्या नंबरचं लागलं, पुण्यातलं खाजगी. पहिल्या नंबरचं नसल्यामुळे सीट ॲक्सेप्टन्स फी भरून फ्रीज न करता (म्हणजे ती जागा कायम न करता) पुढे जाता येत होतं, तसंच केलं. त्या रात्री दादाचा परत फोन, की फ्रीज कर, पुणे आहे, पुढच्या राउंडला हे पण जाईल. ते जात नाही, वरचं काही लागलं तरच जुनं सुटतं, आणि मग मात्र ते सुटतंच, परत मागता येत नाही. हे त्याला दोनदा सांगावं लागलं.

दुसऱ्या राउंडच्या आधी खरा पेच होता. कराड तीन नंबरला ठेवलं आणि लागलं तर तिथेच शेवट, वालचंदसाठी तिसरा राउंड खेळता येणार नाही. चार नंबरला ढकललं तर कराड लागूनही वालचंदची आशा राहते, पण मग तीन नंबरला जे येईल ते कराडच्या आधी लागू शकतं आणि तेच कायम होणार. वालचंदचं इलेक्ट्रॉनिक्स वर आणायचा विचार झाला. मी तिला म्हटलं, ते लागलं तर खूश होशील का. बराच वेळ विचार करून म्हणाली की नाही, मला इलेक्ट्रिकलच पाहिजे, आणि कराड आणि वालचंदमध्ये माझ्यासाठी एवढा फरक नाही. क्रम तसाच ठेवला.

काय झालं

दुसऱ्या राउंडला कराड इलेक्ट्रिकल लागलं, आणि नियमाप्रमाणे तिथेच थांबलं. जात पडताळणीचं प्रमाणपत्र मुदतीच्या जेमतेम आधी हातात आलं, त्या आठवड्यात तात्यांच्या सोलापूरला फेऱ्या चालूच होत्या, आलं नसतं तर ती ओपनमध्ये गेली असती आणि हा सगळा अभ्यास रकान्यासकट वाया गेला असता. हॉस्टेल सुरुवातीला लागलं नाही, पहिले काही महिने ती तीन मुलींबरोबर खोली करून राहिली, आईला ते जड गेलं, रोज व्हिडिओ कॉल. नंतर हॉस्टेलला जागा मिळाली.

पहिल्या सेमिस्टरला गणित तिला अवघड गेलं, इंग्रजीतून शिकायची सवय व्हायला वेळ लागला, हे सगळं आहेच. पण ती तिथे काय शिकायला गेलीये हे तिला माहीत आहे. दिवाळीला आली तेव्हा माझ्याकडे मशीन्सचं पुढच्या वर्षाचं पुस्तक मागायला आली होती.

मामांनी एकदा विषय काढला की तिसऱ्या राउंडला वालचंद लागलं असतं का. तिने त्यांना सांगितलं, लागलं असतं तर छान, पण मी कराड नाईलाजाने टाकलं नव्हतं.

वेगळं काय करता आलं असतं

जात पडताळणी अकरावीतच टाकायला पाहिजे होती. ओबीसी असो, एससी असो, जिथे पडताळणी लागते तिथे हे काम कॉलेजच्या शिक्का-सहीने अकरावीत सुरू होतं, आणि बारावीच्या निकालानंतर टाकलं तर सगळा जिल्हा त्याच रांगेत असतो.

कॉलेजं बघायला जुलैत जायची गरज नव्हती. सीईटी झाली की मे महिन्यात वेळ असतो, पण मे म्हणजे दुकानाचा सीझन, तात्या हलू शकले नसते, म्हणून आई किंवा दादाने जायला हवं होतं. दादा नेला असता तर अजून एक गोष्ट झाली असती, त्याने ती मशीन लॅबमध्ये कशी बघते ते पाहिलं असतं आणि फोनवरचे निम्मे वाद झाले नसते.

आईला शेवटी विचारलं गेलं, ते सुरुवातीला व्हायला पाहिजे होतं. हॉस्टेलची अट तिच्याकडून आली आणि त्या अटीने यादी जेवढी पटकन कमी केली तेवढी कटऑफने केली नाही. आणि हॉस्टेलची जागा ॲडमिशनबरोबर मिळत नाही हे धरून पहिल्या तीन-चार महिन्यांच्या खोलीभाड्याचा हिशोब यादी करतानाच मांडायचा, तो कराडसमोर मांडायचा राहून गेला आणि तात्यांना ऐनवेळी एका गिऱ्हाइकाकडून उचल घ्यावी लागली.

दादाच्या यादीबद्दल मात्र मी एक सांगेन, ती चुकीच्या रकान्यातून का होईना पण होती म्हणून खोडायला काहीतरी मिळालं. कोऱ्या कागदासमोर बसलेली मुलं जास्त अडकतात. फक्त ती यादी मुलीच्या हातात महिनाभर आधी, पेन्सिलसकट, एकटीला बसून खोडायला द्यायला हवी होती.